ड्रायव्हरला ४ एमबी सलग मेमरी हवी: बूटला मिळते, नंतर नाही

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, कर्नलमध्ये हात घातलेल्यांची मदत हवी आहे.

पीसीआयई स्लॉटमध्ये बसणारं एक डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड आहे. कार्डावर एफपीजीए (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप), आणि त्यात आमच्याच टीमनं लिहिलेलं डीएमए इंजिन. सेन्सरचा डेटा ते सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅममध्ये टाकतं. बफर दोन, प्रत्येकी ४ एमबी. एक भरत असताना सीपीयू दुसरा वाचतो. लिनक्स ६.१, ८ जीबी रॅमचा ६४ बिट आर्म बोर्ड.

ड्रायव्हर साधा आहे. केमॅलॉक (कर्नलकडून सलग मेमरी मागणारं फंक्शन) करून ४ एमबी घेतो, व्हर्ट_टू_फिज करून फिजिकल पत्ता काढतो आणि तो कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहितो. बूट होताना मॉड्यूल लोड झालं तर सगळं सुरळीत. पण मशीन काही तास चालल्यावर मॉड्यूल काढून पुन्हा घातलं की लॉगमध्ये 'पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:१०' येतं आणि खेळ खलास. 'फ्री' कमांड तर सांगते की ५ जीबी अव्हेलेबल आहे!

दुसरा त्रास याहून विचित्र. मेमरी मिळाली तरी वाचलेल्या डेटात मधूनच आधीच्या फेरीतले जुने बाइट दिसतात. हे तुकडे नेमके ६४ बाइटचे. जुन्या टेस्ट मशीनवर (एक्स८६, २ जीबी रॅम) हाच ड्रायव्हर वर्षभर बिनतक्रार चालला. आर्मच्या हार्डवेअरमध्येच खोट आहे का?

लोहचुंबक

हार्डवेअर निर्दोष आहे. तुमचे दोन्ही त्रास वेगवेगळे आहेत आणि मला तिसराही दिसतोय, पण त्याआधी दोन गोष्टी सांगा. मशीन चालून चालून थकल्यावर /प्रॉक/बडीइन्फो मध्ये काय दिसतं? आणि कार्डाचं पत्त्याचं रजिस्टर किती बिटांचं आहे?

अर्धविराम

बडीइन्फोमधली नॉर्मल झोनची ओळ:

नोड ०, झोन नॉर्मल: १८२११ ९३४० ३१२७ ७०२ ८८ ९ २ ० ० ० ०

रजिस्टर ३२ बिटांचं आहे. का?

लोहचुंबक

बाप रे. ३२ बिटांचं नंतर बघू, आधी ही ओळ.

कर्नलचा पेज अ‍ॅलोकेटर बडी पद्धतीचा आहे. मोकळी मेमरी तो दोनाच्या घातांच्या गठ्ठ्यांत ठेवतो. पहिला आकडा ऑर्डर ०, म्हणजे ४ केबीचं एकेकटं पेज. पुढचा ऑर्डर १, ८ केबी. असं करत शेवटचा ऑर्डर १०, म्हणजे १०२४ पेज, ४ एमबी. ६.१ मध्ये नेहमीच्या कॉन्फिगवर बडीची धाव इथंच संपते. ५ एमबी मागितले असते तर बूटलासुद्धा मिळाले नसते.

आता तुमची ओळ वाचा. सगळं मिळून सव्वादोनशे एमबीच्या आसपास मोकळं आहे, पण सगळा चुरा. ऑर्डर ६ च्या पुढं भोपळा. 'अव्हेलेबल ५ जीबी' मधला बाकीचा भाग पेज कॅशेनं, म्हणजे फाइलींच्या रॅममधल्या प्रतींनी, धरलेला आहे. मागितला तर तो सोडला जाईल, पण एकेक पेज सुटं, एकाला एक लागून नव्हे. कर्नल पेजं इकडून तिकडं हलवून जागा सलग करण्याचा प्रयत्न करतो (कॉम्पॅक्शन), पण त्याच्या स्वतःच्या स्लॅबची (कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या मेमरीची) आणि पेज टेबलांची पेजं सहसा हलवता येत नाहीत, कारण त्यांच्याकडं थेट पॉइंटर रोखलेले असतात. ४ एमबीच्या पट्ट्यात असं एक जरी पेज रुतून बसलं तरी तो पट्टा गेला. शिवाय ऑर्डर ३ च्या, म्हणजे ३२ केबीच्या वरच्या मागणीला कर्नल 'महाग' समजतो आणि तिच्यासाठी फार जीव काढत नाही.

म्हणून बूटला मिळतं आणि नंतर नाही. हा बग नव्हे, स्वभाव आहे.

प्रश्नचिन्ह

बाळबोध प्रश्न आहे, सांभाळून घ्या. प्रोसेसला विखुरलेली पेजंसुद्धा पेज टेबलामुळं सलग दिसतात. व्हीमॅलॉकही तेच करतो ना? मग इथं व्हीमॅलॉक वापरला की प्रश्न मिटला. ४ एमबी काय, ४०० एमबी घ्या.

टकळी

प्रश्न बाळबोध नाही, धाग्याचं मूळच तिथं आहे.

व्हीमॅलॉकची मेमरी सलग दिसते ती सीपीयूला, कारण सीपीयूच्या प्रत्येक पत्त्याचं भाषांतर एमएमयू करतो. कार्ड त्या वाटेनं जातच नाही. ते बसवर एक पत्ता टाकतं, तिथं लिहितं आणि पुढच्या पत्त्यावर सरकतं. तुमच्या पेज टेबलांशी त्याला देणंघेणं नाही. पहिलं पेज संपलं की कार्ड त्याच्या शेजारच्या फिजिकल पेजवर लिहायला लागणार, आणि ते पेज दुसऱ्याच कुणाचं तरी असणार. व्हीमॅलॉकचा पत्ता डीएमए_मॅप_सिंगलला दिला तर आताशा कर्नल 'रिजेक्टिंग डीएमए मॅप ऑफ व्हीमॅलॉक मेमरी' असं ओरडून नकार देतो. हीच गत स्टॅकवरच्या बफरची. २०१६ च्या ४.९ पासून एक्स८६ वर कर्नल स्टॅकच व्हीमॅलॉकच्या जागेत ठेवण्याची सोय आली, आणि स्टॅकवरून डीएमए करणारे कितीतरी जुने ड्रायव्हर त्या दिवशी उघडे पडले.

कार्डाच्या वाटेवरही एमएमयूसारखं काही बसवता येतं. तो आयओएमएमयू: इंटेलचा व्हीटी-डी, एएमडीचा एएमडी-व्हीआय, आर्मचा एसएमएमयू. तो असेल तर विखुरलेली पेजं कार्डालाही सलग दिसतात आणि बडीच्या ऑर्डरशी झगडायचं कारणच उरत नाही. अर्धविराम, तुमच्या बोर्डावर पीसीआयईच्या मार्गात एसएमएमयू आहे का?

अर्धविराम

एसएमएमयू आहे, पण डिस्प्ले आणि व्हिडिओसाठी. पीसीआयई त्याच्यामागं नाही.

जुना_पापी

एवढा काथ्याकूट कशाला? आम्ही बूट पॅरामीटरमध्ये सरळ 'मेम=७जी' द्यायचो. वरच्या १ जीबीला कर्नल हातच लावत नाही. ड्रायव्हरमधून तेवढा तुकडा आयओरीमॅप करायचा आणि आपल्या बापाची जहागीर असल्यासारखा वापरायचा. ना बडी, ना फ्रॅगमेंटेशन.

अवांतर: आयएसएच्या काळात डीएमए कंट्रोलर ८२३७ होता. पत्ता २४ बिटांचा, म्हणजे पहिल्या १६ एमबीच्या पलीकडं काही दिसायचं नाही, आणि ८ बिटांच्या चॅनलचं एक ट्रान्सफर ६४ केबीची हद्द ओलांडू शकत नसे. एक्स८६ कर्नलमध्ये आजही १६ एमबीचा डीएमए झोन दिसतो तो त्याच काळाची आठवण. तुम्ही ४ एमबीसाठी रडताय!

टकळी

जुना_पापी, तुमचा उपाय इथं नुसता कुरूप नाही, चुकीचाही आहे. ८ जीबीच्या मशीनमधला वरचा १ जीबी ४ जीबीच्या पलीकडं येतो. कार्डाचं रजिस्टर ३२ बिटांचं. ती जहागीर कार्डाला दिसणारच नाही.

लोहचुंबक

आणि 'बाप रे' मी यासाठीच म्हणालो होतो. अर्धविराम, केमॅलॉकनं दिलेलं पेज ४ जीबीच्या वरचं असेल तर तुमचा ड्रायव्हर पत्त्याचे खालचे ३२ बिट रजिस्टरमध्ये लिहितो आणि वरचे गळून पडतात. कार्ड इमानेइतबारे ४ एमबी डेटा लिहितं, पण भलत्याच ठिकाणी. तिथं कुणाच्या फाइलचं पेज कॅशे असेल, कुणाचा स्लॅब असेल. अधूनमधून काही कारण नसताना बोर्ड कोसळतो का?

अर्धविराम

कोसळतो. आम्ही पॉवर सप्लायला दोष देत होतो.

जुन्या मशीनमध्ये २ जीबीच रॅम होती, म्हणून तिथं हे कधी दिसलं नाही. कळलं.

लोहचुंबक

बरोबर. आणि म्हणूनच माझं सरळ मत: ड्रायव्हरमधून व्हर्ट_टू_फिज हद्दपार करा. सीपीयूला दिसणारा फिजिकल पत्ता आणि डिव्हाइसला दिसणारा पत्ता एकच असतो हे गृहीतच खोटं आहे. काही बोर्डांवर दोन्हींत ठरावीक फरक असतो, आयओएमएमयू असेल तर काहीच संबंध नसतो. रास्पबेरी पाय ४ वर तर काही पेरिफेरलना पहिली १ जीबीच दिसते, आणि त्यासाठी ५.५ मध्ये ६४ बिट आर्मला वेगळा डीएमए झोन द्यावा लागला.

कर्नलला मेमरी मागायची नाही, आधी आपल्या डिव्हाइसची ओळख करून द्यायची. प्रोबमध्ये (ड्रायव्हर कार्डाला जोडला जाताना चालणारं फंक्शन) पहिलं काम डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट, आणि त्यात ३२ बिटांचा मास्क, म्हणजे कार्डाला किती बिटांचा पत्ता झेपतो ते. मग डीएमए_अलॉक_कोहेरंट. ते दोन पत्ते देतं. एक सीपीयूसाठी पॉइंटर, दुसरा डीएमए_अ‍ॅडर_टी प्रकारचा, जो रजिस्टरमध्ये लिहायचा. कुठल्या झोनमधून घ्यायचं, सीएमए (सलग तुकड्यांसाठीची कर्नलची सोय) वापरायचा की आयओएमएमयू, हे कर्नल ठरवतो. उद्या कार्ड दुसऱ्या बोर्डावर गेलं तरी ड्रायव्हर बदलत नाही.

स्थितप्रज्ञ

+१. ही काही लिनक्सची लहर नाही. नेटबीएसडीनं बस_डीएमए नावाचा थर काढला, तो पुढं फ्रीबीएसडीत आला. तिथं टॅग बनवतानाच सांगावं लागतं: अलाइनमेंट एवढं, या पत्त्याच्या वर चालत नाही, जास्तीत जास्त एवढे सेगमेंट. विंडोजमध्ये ड्रायव्हर आधी आपल्या डिव्हाइसचं वर्णन देऊन डीएमए अ‍ॅडॉप्टर मिळवतो आणि मग अ‍ॅलोकेटकॉमनबफर मागतो. सगळे जण फिरून एकाच जागी आले. व्यक्तिशः मला बीएसडीची रचना जास्त प्रामाणिक वाटते. डिव्हाइसच्या सगळ्या मर्यादा एका ठिकाणी लिहिलेल्या असतात. लिनक्समध्ये मास्क एकीकडं, सेगमेंटची कमाल लांबी दुसरीकडं.

अर्धविराम

बदल करून पाहिला. डीएमए_अलॉक_कोहेरंट करायच्या आधी मला वाटलं की कमीत कमी बदलात भागतंय का बघू, म्हणून केमॅलॉक तसाच ठेवला, मास्क ३२ बिटांचा लावला आणि डीएमए_मॅप_सिंगल केलं. आगीतून फुफाट्यात:

'एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल (साइज: ४१९४३०४ बाइट), टोटल ३२७६८ (स्लॉट), यूज्ड ० (स्लॉट)'

एकही स्लॉट वापरात नाही आणि बफर भरला म्हणतो! ही काय थट्टा?

टकळी

थट्टा नाही, संदेश मात्र खरोखर दिशाभूल करणारा आहे. यात अडकलेले बरेच पाहिलेत.

डिव्हाइसला न दिसणाऱ्या मेमरीवर मॅपिंग मागितलं आणि आयओएमएमयू नसेल, तर कर्नल मधला एक बफर वापरतो. बूटलाच त्यानं ४ जीबीच्या खाली साधारण ६४ एमबी बाजूला काढून ठेवलेले असतात. कार्ड त्यात लिहितं आणि कर्नल तिथून तुमच्या बफरात कॉपी करतो. हाच एसडब्ल्यूआयओटीएलबी. त्याचा एक स्लॉट २ केबीचा. तुमचे ३२७६८ स्लॉट म्हणजे बरोबर ६४ एमबी. पण एका मॅपिंगला सलग १२८ स्लॉटच मिळू शकतात, म्हणजे २५६ केबी. तुम्ही एका दमात ४ एमबी मागितले. अख्खा बफर रिकामा असला तरी तो नाहीच म्हणणार. किती मिळू शकतं ते डीएमए_मॅक्स_मॅपिंग_साइज विचारून आधीच कळतं.

आणि मिळालं असतं तरी प्रत्येक ४ एमबीची कॉपी सीपीयूच्या अंगावर. मग डीएमए कशासाठी केला?

प्रश्नचिन्ह

६४ बाइटच्या जुन्या तुकड्यांचं काय झालं? तो प्रश्न मागंच पडला.

लोहचुंबक

बरी आठवण केलीत. ६४ बाइट म्हणजे या प्रोसेसरांवरची एक कॅशे लाइन.

सीपीयूनं आधीच्या फेरीत बफर वाचला, तेव्हा त्यातला काही भाग कॅशेत बसला. मग कार्डानं रॅममध्ये नवा डेटा लिहिला. एक्स८६ वर हार्डवेअर बसवरच्या या लिखाणावर पाळत ठेवतं आणि कॅशेतली शिळी प्रत रद्द करतं. बऱ्याच आर्म बोर्डांवर पीसीआयईचं लिखाण कॅशेला कळतच नाही. सीपीयू पुन्हा वाचायला गेला की ज्या लाइन कॅशेत उरल्यात त्या जुन्या दिसतात, ज्या हाकलल्या गेल्यात त्या नव्या. म्हणून सगळा बफर जुना न दिसता मधलेमधले तुकडे जुने.

डीएमए_अलॉक_कोहेरंट अशा बोर्डावर कॅशे न होणारं मॅपिंग देतं, त्यामुळं हा त्रास जातो. डीएमए_मॅप_सिंगलच्या वाटेनं गेलात तर मालकीचा हिशोब तुम्ही ठेवायचा. मॅप केलं की बफर डिव्हाइसचा, सीपीयूनं बघायचासुद्धा नाही. डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू केलं की तुमचा. वाचून झालं की डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस करून परत द्यायचा. 'मी तर नुसतं वाचतोय' ही सबब चालत नाही. सीपीयू अंदाजानं पुढच्या लाइन आधीच ओढून ठेवतो, त्यामुळं तुम्ही न वाचताही शिळा डेटा कॅशेत येऊ शकतो. फॉर_सीपीयूच्या वेळी कॅशे पुन्हा रद्द करतात ते याचसाठी.

आणखी एक: डीएमएचा बफर स्ट्रक्चरमध्ये इतर फील्डच्या शेजारी कधी ठेवू नका. शेजारचा काउंटर त्याच लाइनवर असेल आणि सीपीयूनं तो बदलला, तर ती अख्खी लाइन रॅममध्ये परत लिहिली जाते आणि कार्डानं नुकताच टाकलेला डेटा पुसला जातो. हा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि माणसाला वेड लावतो. ६४ बिट आर्मवर केमॅलॉकचा छोट्यात छोटा तुकडा बराच काळ १२८ बाइटचा होता तो याच भीतीनं. ६.५ पासून तो कमी करता आला आणि अलाइन नसलेले छोटे बफर एसडब्ल्यूआयओटीएलबीकडं वळवले जातात.

जुना_पापी

एक फुकटची युक्ती. एक्स८६ वर सिंक विसरलात तर काहीच बिघडत नाही, म्हणून तिथं टेस्ट पास होते. बूटला 'एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स' द्या. मग प्रत्येक स्ट्रीमिंग मॅपिंग मधल्या बफरातून जातं आणि सिंक विसरलेला ड्रायव्हर लगेच कचरा वाचायला लागतो. जोडीला डीएमए एपीआय डीबगचा कॉन्फिग चालू करा. मॅपिंगची एरर तपासली नाही, न घेतलेलं सोडलं, स्टॅकवरून मॅप केलं, सगळ्याची तक्रार लॉगमध्ये मिळते.

मेम= बद्दल टकळींचं म्हणणं मान्य. या कार्डाला तो उपाय नाही.

अर्धविराम

आता डीएमए_अलॉक_कोहेरंट लावलं. बोर्ड उशिरापर्यंत चालवून, मुद्दाम मोठमोठ्या फाइल कॉपी करून पेज कॅशे भरला, मग मॉड्यूल काढून घातलं. मेमरी मिळाली! बडीइन्फोमध्ये ऑर्डर १० ला शून्यच होतं. मग ही कुठून आली?

टकळी

सीएमएमधून. /प्रॉक/मेमइन्फो मध्ये सीएमएटोटल आणि सीएमएफ्री बघा.

२०१२ मध्ये ३.५ कर्नलमध्ये हा आला. कॅमेरा आणि व्हिडिओ डीकोडरसारख्या आयओएमएमयू नसलेल्या डिव्हाइसना मोठे सलग तुकडे लागायचे, आणि ते कायमचे राखून ठेवले तर कॅमेरा बंद असताना मेमरी वाया. सीएमए मधला मार्ग काढतो. बूटला एक पट्टा वेगळा काढतो, पण त्यात हलवता येणाऱ्या पेजांना राहू देतो: प्रोसेसची मेमरी, पेज कॅशे. डिव्हाइसनं मागितलं की त्या पेजांना दुसरीकडं हलवून पट्टा मोकळा करतो. रुतून बसणाऱ्या कर्नल पेजांना तिथं मज्जावच असतो, म्हणून सलग जागा निघते. आकार कमी पडला तर बूटला 'सीएमए=६४एम' द्या.

दोन काटे आहेत. पेजं हलवायला वेळ लागतो, तोही मशीन भरलेलं असताना जास्त. आणि पट्ट्यातलं एखादं पेज कुणी तात्पुरतं धरून ठेवलं असेल तर अ‍ॅलोकेशन फसूही शकतं. म्हणून प्रोबमध्येच घ्या आणि ड्रायव्हर असेपर्यंत ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला घेणं-सोडणं करू नका. सीएमए उगाच फुगवूही नका. कर्नलच्या स्वतःच्या कामाला ती जागा मिळत नाही, त्यामुळं सीएमएफ्री भरपूर दिसत असताना मशीन मेमरी संपल्याची बोंब मारू शकतं.

अर्धविराम

हे चालतंय, जुने तुकडेही गेले, बोर्डही अजून कोसळलेला नाही. पण ४ एमबी वाचायला आता पूर्वीच्या कितीतरी पट वेळ लागतोय. सीपीयू मेमकॉपीतच अडकलेला दिसतो. एकानं सुचवलं की डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं कर्नलला दिलेलं वर्णन) पीसीआयईच्या नोडला 'डीएमए-कोहेरंट' लिहून टाक, वेग परत येतो. आला खरंच!

लोहचुंबक

लगेच काढा ते! ती प्रॉपर्टी म्हणजे विनंती नव्हे, हार्डवेअरबद्दलचं विधान आहे. 'या डिव्हाइसचं लिखाण कॅशेला कळतं' असं तुम्ही कर्नलला खोटं सांगितलंत. त्यानं विश्वास ठेवून कॅशे होणारं मॅपिंग दिलं आणि सिंक बंद केले. ६४ बाइटचे तुकडे परत येणार.

वेग का गेला ते उघड आहे. कॅशे नसलेल्या मॅपिंगवर प्रत्येक वाचन रॅमपर्यंत जातं. कोहेरंट मेमरी असते डिस्क्रिप्टर (डेटा कुठं आणि किती ते कार्डाला सांगणाऱ्या नोंदी) आणि स्टेटस ठेवायला, जिथं दोन्ही बाजू थोडं थोडं आणि वारंवार बघतात. मोठा डेटा सीपीयूला वाचायचा असेल तर डीएमए_अलॉक_नॉनकोहेरंट घ्या. मास्क, सीएमए सगळं तेच, पण सीपीयूचं मॅपिंग कॅशेवालं आणि सिंक तुमच्या हातात. सीपीयूला डेटा बघायचाच नसेल, नुसता नेटवर्कवर किंवा डिस्कवर ढकलायचा असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

स्थितप्रज्ञ

पण मुळात कार्डाला सलग ४ एमबी का लागावेत? एफपीजीए तुमच्याच हातात आहे ना?

स्कॅटर-गॅदर टाका, म्हणजे एका सलग पत्त्याऐवजी कार्डाला विखुरलेल्या पेजांची यादी द्या. डिस्क्रिप्टरमध्ये ८ बाइट पत्ता, ४ बाइट लांबी, ४ बाइट फ्लॅग, एकूण १६. ४ एमबीसाठी ४ केबीची १०२४ पेजं, म्हणजे सगळं टेबल १६ केबीचं. एवढं सलग आणि कोहेरंट कधीही मिळतं, ऑर्डर २ आहे फक्त. डेटाची पेजं मग कुठूनही सुटी घ्या, डीएमए_मॅप_एसजी करा. सलग आलेली पेजं एका नोंदीत मावतात, त्यामुळं नोंदी बहुतेकदा कमीच लागतात. एफपीजीएला हात घालताच आहात तर पत्ता ६४ बिटांचा करून घ्या, म्हणजे मधल्या बफरचीही गरज संपली. हे न करता सीएमएवर विसंबणं म्हणजे हार्डवेअरचं दुखणं सॉफ्टवेअरच्या गळ्यात बांधणं, असं माझं मत.

टकळी

तत्त्वतः सहमत, पण एफपीजीएत डिस्क्रिप्टर आगाऊ आणून ठेवणारं लॉजिक लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. एक डिस्क्रिप्टर संपून दुसरा येईपर्यंत सेन्सर थांबत नाही, तेवढा फिफो (येणारा डेटा रांगेत धरणारा बफर) कार्डावर हवा. दोनच बफर, तेही प्रोबमध्ये एकदाच घ्यायचे, या कामाला सीएमए लाजिरवाणा नाही. बफर मोठे किंवा अनेक व्हायचे असतील तर स्कॅटर-गॅदरला पर्याय नाही.

स्कॅटर-गॅदर केलंत तर क्रमाकडं लक्ष द्या. डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता आणि लांबी लिहिल्यावर, 'आता हा कार्डाचा' असा फ्लॅग लावण्याआधी मध्ये डीएमए_डब्ल्यूएमबी (लिखाणाचा क्रम राखणारी सूचना) हवा. नाहीतर आर्मवर फ्लॅग आधी आणि पत्ता नंतर पोचू शकतो. डोअरबेल (काम तयार आहे असं कार्डाला कळवणारं रजिस्टर) राइटएल नं वाजवत असाल तर त्याच्या आधीचं लिखाण पोचवायची जबाबदारी राइटएल घेतो. राइटएल_रिलॅक्स्ड घेत नाही.

अर्धविराम

ठरलं ते असं. आत्ताच्या खेपेला सीएमएतून डीएमए_अलॉक_नॉनकोहेरंट आणि नीट सिंक. डिव्हाइस ट्रीमधलं खोटं विधान काढलं. वेग पहिल्यासारखा आहे आणि एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स लावून एक्स८६ वरही तपासलं. ६४ बिट पत्ता आणि स्कॅटर-गॅदर एफपीजीएच्या पुढच्या आवृत्तीत, टीमनं होकार दिलाय. सगळ्यांचे आभार.

प्रश्नचिन्ह

वाखू (वाचनखूण) साठवली. जाता जाता एक: आयओएमएमयू असता तर ३२ बिटांचा तो भलत्या जागी लिहिण्याचा प्रकार पकडला गेला असता का?

लोहचुंबक

हो. मॅप नसलेल्या पत्त्यावर कार्ड गेलं असतं तर लिखाण अडवलं गेलं असतं आणि लॉगमध्ये डिव्हाइसच्या नंबरासकट फॉल्ट आला असता. पॉवर सप्लाय बिचारा सुटला असता. पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका. संरक्षण पेजच्या मापाचं असतं, त्यामुळं ४ केबीच्या पेजात तुमचा बफर २ केबीचा असेल तर उरलेले २ केबीही कार्डाला उघडे. शिवाय वेगासाठी मॅपिंग काढल्यावर आयओएमएमयूचा टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतरांची कॅशे) लगेच न पुसता गठ्ठ्यानं पुसण्याची पद्धत आहे, तेवढा वेळ जुनी वाट चालू राहते. २०१९ मध्ये थंडरक्लॅप नावानं जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात आयओएमएमयू चालू असलेल्या मशीनवरही थंडरबोल्टला लावलेलं दुष्ट डिव्हाइस काय काय वाचू शकतं ते दाखवलं होतं.

जुना_पापी

अर्धविराम, रिमूव्ह फंक्शनमध्ये क्रम काय ठेवलाय?

अर्धविराम

आधी बफर सोडतो, मग कार्डाला रीसेट.

जुना_पापी

उलटं करा. तुम्ही सोडलेली पेजं त्याच क्षणी दुसऱ्याला मिळू शकतात, आणि कार्ड अजून लिहितंय. आधी कार्डाचं डीएमए इंजिन थांबवा. थांबल्याचं स्टेटस रजिस्टर परत वाचून खात्री करा, कारण पीसीआयईवर लिहिलेला हुकूम पोचायच्या आत फंक्शन पुढं निघून जातं. त्या वाचनाचं उत्तर येईतो कार्डानं आधी टाकलेलं लिखाणही रॅमकडं ढकललं गेलेलं असतं. मग पीसीआय_क्लिअर_मास्टर, मग इंटरप्ट सोडा, आणि सगळ्यात शेवटी बफर. शटडाउनमध्येही हेच. केएक्झेकनं नवा कर्नल चढवलात तर मशीन रीसेट होत नाही, आणि जुन्या कर्नलनं दिलेल्या पत्त्यावर कार्ड नव्या कर्नलच्या मेमरीत लिहीत बसू शकतं.

अर्धविराम

आम्ही फील्डमध्ये अपडेट केएक्झेकनंच करतो. आज रात्रीच बदलतो.